बारा आणे घरावर, चार आणे घरात

फैजपूरच्या भाजीबाजाराजवळ चहाचं एक हॉटेल होतं. सायकल हातात धरून चालत येणारा एक उंच, किडकिडीत म्हातारा दिसला की हॉटेलचा मालक गल्ल्यावरूनच ओरडायचा, "काय नाना, चहा लिधा का?"

लिधा म्हणजे घेतला. ही बोली आमच्या रावेर-फैजपूरकडची नव्हे. ती धुळ्याकडची, म्हणजे म्हाताऱ्याची. मालक त्याची नक्कल करायचा आणि म्हातारा ती चालवून घ्यायचा. कधी तो म्हणे, "लिधा." कधी म्हणे, "नही अजून." नुसतं "लिधा" ऐकलं की बाकड्यावरची माणसं एकमेकांकडे बघून हसायची. त्याचा अर्थ असा, की आज कुठल्यातरी घरात आकडा सांगून झाला आहे आणि त्या घरातली माणसं आता डोक्याला हात लावून बसली आहेत.

त्या म्हाताऱ्याचं नाव लोटन नाना. नरडाण्याजवळच्या कुठल्याशा खेड्यातले. उमेदीत धुळ्याला मिस्तरी होते. पुढे गुडघा निकामी झाला, परांचीवर चढणं बंद झालं, आणि ते आमच्या भागात येऊन राहिले. तेव्हापासून त्यांचं काम एकच, कुणाला घर वाढवायचं असेल, एखादी खोली काढायची असेल, धाब्याच्या जागी स्लॅब टाकायचा असेल, तर काम सुरू होण्याआधी खर्चाचा अंदाज सांगायचा. ते स्वतः घर बांधत नसत, गवंडी पुरवत नसत, विटा-वाळूत त्यांचा हिस्सा नसे. त्यामुळे आकडा कमी सांगण्याचं त्यांना काही कारण नव्हतं आणि तो कधी कमी नसायचाही.

त्यांच्याजवळ बाभळीची एक काठी होती. तिच्यावर दर फुटाला एक पितळी खिळा ठोकलेला. तीच चालायला आणि तीच मोजायला. टेप त्यांच्याकडे होती, पण ती सायकलच्या पिशवीतून बाहेर निघत नसे. म्हणायचे, "टेप ओढली का मानूस सोताले शेठ समजस." सायकलवर बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नाही. ती ते ढकलत आणि तिच्यावर पिशवी, पाण्याची बाटली, चुन्याच्या फक्कीची पुडी असा संसार लादलेला असे.

आकडा सांगून होईपर्यंत ते त्या घरचा चहा घेत नसत. एवढी एक गोष्ट सोडली तर माणूस अगदी साधा होता. पण आमच्याकडे दारात आलेल्या माणसानं चहाला नाही म्हणणं ही लहान गोष्ट नाही. रावेरकडच्या एका बड्या केळीवाल्यानं त्यांना बोलावलं होतं. त्याला गोल जिन्याचा बंगला हवा होता. पितळी ट्रेमध्ये चहा आला. नाना म्हणाले, "राहू द्या, निवी जाई. आधी आकडा." आकडा ऐकल्यावर केळीवाला म्हणाला, "नाना, काही कमी करा की. ओळखीचे आहात."

नाना म्हणाले, "आकडा कमी व्हस नही, पाटील. घर कमी व्हस. सांगा, काय काढू? जिना काढू का गच्ची?"

पाटलांनी काहीच काढलं नाही आणि नानांनीही काही कमी केलं नाही. त्या दिवशी हॉटेलात ते "नही" म्हणाले. आकडा तर सांगितला होता, पण तो कुणी घेतला नव्हता, म्हणून त्यांनीही चहा घेतला नाही. असा त्यांचा हिशेब होता.

माझी-त्यांची गाठ पडली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. मी फैजपूरच्या एका हायस्कुलात नुकताच शिक्षक म्हणून कायम झालो होतो. आमचं घर रावेर तालुक्यातल्या एका गावी, गावाच्या कडेला, बौद्धवाड्यात. वडिलांनी सारी हयात स्टेशनावर केळीचे घड वॅगनीत भरण्यात घालवली. त्यांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता आणि सदऱ्यावरचे केळीच्या चिकाचे डाग कधीच गेले नाहीत. धाकटा भाऊ प्रल्हाद केळीच्या ट्रकवर क्लीनर होता. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. आईला आम्ही माय म्हणत असू.

घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं, वर मातीचं सपाट धाबं. दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती पसरायची की पावसाळा निघायचा. माझं लग्न झालेलं, प्रल्हादचं ठरलेलं. जागा पुरत नव्हती. मला शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज मंजूर झालं. वडिलांची भिशी लागली, प्रल्हादची थोडी शिल्लक होती. सगळे मिळून चोवीस हजार रुपये होत होते. एवढा पैसा आमच्या घरानं एका वेळी कधी पाहिलेला नव्हता.

वडिलांना माडी हवी होती. आमच्या वस्तीत तोवर कुणाच्याच घराला माडी नव्हती. गावातून स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावरून ती दिसली पाहिजे, असं ते म्हणत. ज्या रस्त्यानं त्यांनी तीस वर्षं जा-ये केली त्याच रस्त्यावरून. मलाही माडी हवी होती, हे लपवण्यात अर्थ नाही. बी.ए. झालेल्या मुलाच्या घराला माडी असावी, असं मला वाटत होतं. प्रल्हादनं सावद्याचा एक ठेकेदारही पाहून ठेवला होता. खाली दोन, वर दोन खोल्या, पुढं गच्ची. एकूण चोवीस हजार.

माझा एक सहकारी म्हणाला, "नानांना एकदा दाखव. ऐकून तर घे." म्हणून एका रविवारी मी त्यांना एस.टी.नं गावी घेऊन आलो. सायकल त्या दिवशी फैजपूरला राहिली. काठी आणि पिशवी तेवढी बरोबर होती.

ते ओट्यावर टेकले. माझ्या पत्नीनं चहा आणला. नाना म्हणाले, "चहा नको."

वडिलांचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. त्यांनी अशी "नको" पुष्कळ ऐकली होती आणि त्यांचा अर्थ त्यांना चांगला ठाऊक होता. ते सावकाश म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या घरचा चहा तुम्हाले कसा चालेल?"

नानांच्या चालीची गोष्ट मी घरी सांगितली नव्हती, ही माझी चूक होती.

नानांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी वळून आत पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "अक्का, पानी द्या. माठमधलं द्या, तुमना हातनं." मायनं तांब्या भरून आणला. त्यांनी तो वर धरून गटगटा अर्धा केला, उरलेला ओट्यावर ओतला आणि पाणी कुठं वाहत जातं ते बघत बसले. मग वडिलांना म्हणाले, "भाऊ, पानी पिसन आकडा कमी व्हस नही. चहा पिसन व्हस. आकडा सांगसू त्या दिवशी दोन कप लेसू."

वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन घ्यावे लागतील बरं का. मी मोजीन."

ओट्यावर पाणी ओतणं ही त्यांची दुसरी सवय. प्रत्येक घरात ते तांब्याभर पाणी जमिनीवर ओतत आणि ढाळ कुणीकडे आहे ते बघत. घर कुणीकडे कलतं आहे, पाया कुठं बसला आहे, हे त्यांना त्यातून कळे. आमच्या ओट्यावरचं पाणी उलटं घराकडे आलं. ते त्यांनी बघून ठेवलं.

मी त्यांना ठेकेदाराचा कागद दाखवला आणि आमच्याजवळही चोवीसच आहेत म्हणून सांगितलं. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "तुमच्याकडे चोवीस आहेत, हे त्याला कुणी सांगितलं?"

कागदावरचं वाचून बोलताना ते शुद्ध बोलत. प्रल्हाद म्हणाला, "मीच सांगतलं. त्यानं इचारलं, बजेट किती?"

"मग हा आकडा त्याचा नाही. तुमच्या खिशाचा आहे." त्यांनी कागद घडी करून परत दिला. "तुम्ही तीस सांगितले असते तर तीस आला असता. खिसा झाका. माले पैसा किती ते सांगू नका. ऐकलं ते मी विसरनू."

आणि मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. वाळू कुठून येईल? गाडी कुठपर्यंत येईल? आमची बोळ अशी होती की बैलगाडीही वळत नसे. म्हणजे विटा, वाळू, सिमेंट सगळं बोळीच्या तोंडापासून डोक्यावर वाहून आणावं लागणार. त्याची मजुरी कुणी धरली आहे? पाडलेली माती कुठं टाकणार? विहीर केवढी लांब? स्लॅबवर पाणी कोण मारणार? दोन महिने चूल कुठं मांडणार? पाहुणी माणसं आली तर झोपणार कुठं? मी पदवीधर माणूस, नुसते प्रश्नच कागदावर उतरवून घेत गेलो. ठेकेदाराच्या कागदात तर यातलं काहीच नव्हतं.

मग त्यांनी सगळ्यांना वेगवेगळं विचारलं, काय हवं? वडील म्हणाले, माडी. प्रल्हाद म्हणाला, माडी. मी जरा आडवळणानं तेच म्हणालो. मग ते मायकडे वळले.

"मले काय इचारता, भाऊ?" माय म्हणाली. "घरातल्या माणसायले इचारा."

"त्यास्ले इचारं. आता तुमले इचारस."

मायनं पदराचं टोक हातात धरलं. मग म्हणाली, "मले बसून आंग धुवाले जागा पाह्यजे. दार असलेली."

घराच्या मागे गोणपाटाचा एक आडोसा होता. त्याच्या एका बाजूनं पायवाट जायची. माय पहाटे वस्ती उठायच्या आत तिथं अंघोळ करायची, उभ्या-उभ्या, हिवाळा असो की उन्हाळा. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून. आता माझी पत्नीही तिच्याबरोबर पहाटे उठत होती आणि प्रल्हादची बायको येणार होती. ही गोष्ट आम्हा तिघांना ठाऊक नव्हती असं नाही. पण तिला न्हाणी हवी आहे, हे तिच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

नानांनी पेन्सिल कानावरून काढून कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते परत गेले.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी फक्की आणली होती. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी काठीनं मोजून पांढऱ्या रेघा मारल्या. बारा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली, तिच्या कोपऱ्यात चुलीची जागा, आणि खोलीला लागून पाच बाय चारचा एक चौकोन. दाराच्या जागी रेघ तोडलेली.

"याच्यामधी आठ दिन ऱ्हावा," ते म्हणाले. "पुसाई गई तं पुन्हा मारा. पुडी ठेवी जास."

शेजारीपाजारी हसले. वडील सुद्धा हसले. पण संध्याकाळी त्यांनी खाट नेऊन त्या रेघांच्या आत टाकली आणि बसून पाहिलं. प्रल्हादनं पेटी ठेवून पाहिली. ती दाराच्या वाटेत येत होती. दोन दिवस घरातली माणसं रेघ ओलांडायची, मग नकळत दारातून आत-बाहेर करू लागली. शेजारचा एकजण सरळ रेघेवरून आला तर वडील त्याला म्हणाले, "ए, भिंतीतून कुठं येतो? दार तिकडं आहे."

तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा माय त्या लहान चौकोनात पाटावर बसली होती. पुढं रिकामी बादली. तिनं हात वर करून पाठीवर तांब्या ओतल्यासारखं केलं, मग कोपर कुठपर्यंत जातं ते पाहिलं. उठली, पायानं एक रेघ पुसली आणि वीतभर पलीकडे दुसरी मारली. मला पाहून ती लाजली. मी घरात निघून गेलो.

तिसऱ्या खेपेला नाना आले तेव्हा आधी त्यांनी ती सरकवलेली रेघ पाहिली. "हाई कोनं सरकाडी?" त्यांनी काठी लावून मोजलं आणि कागदावरचा आकडा बदलला.

मग ओट्यावर बसून त्यांनी आकडे सांगितले. ठेकेदाराची माडी खरोखर बांधायची तर एकेचाळीस हजार. "चोवीसमा ती मानूसभर उंच व्हई आणि मंग थांबी जाई." मग त्यांनी दुसरा आकडा सांगितला. मागे रेघा मारल्या आहेत तेवढी खोली, तिच्यावर स्लॅब, चुलीला धुराडं, न्हाणी, तिचं पक्कं गटार, बोळीपासूनची वाहतूक, पाणी, चहापान, सगळं धरून अठरा हजार.

प्रल्हाद लगेच म्हणाला, "मंग सहा हजार उरतात. त्यात वरची एक खोली तरी काढा."

तेव्हा नानांनी ते वाक्य उच्चारलं, जे आमच्या भागात पुढं कितीतरी जणांच्या तोंडी बसलं. "बारा आना घरवर लावा, चार आना घरमा ठेवा." जेवढा पैसा असेल त्यातल्या रुपयामागे बारा आण्यांचंच घर आखायचं. चार आणे घरातल्या बाईजवळ द्यायचे. तिनं ते कुठं ठेवले, किती उरले, हे कुणाला सांगायचं नाही. "गवंडीले नही, धनीले नही. माले बी सांगू नका."

वडिलांना ते लागलं. "म्हंजे माह्यावर भरोसा नाही?"

"तुमच्यावर आहे, भाऊ. गवंडी गोड बोलस, त्याच्यावर नही. तो म्हनी, दादा, एवढं झालं तं खिडकीले गज चांगला टाकू. तुम्ही म्हनशात, टाक. मी बी म्हनतू. अक्का म्हनावु नही."

माय दारात उभी होती. ती हसली नाही, पण तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

वडिलांनी आत हाक मारली, "चहा आणा. दोन कप." त्यांनी खरोखर मोजले. नानांनी पहिला कप घाईनं प्यायला आणि दुसरा सावकाश.

आम्ही मुहूर्त वगैरे पाहत नव्हतो. शाळेला उन्हाळी सुट्टी लागली आणि काम सुरू झालं. मृगाच्या आत स्लॅब पडायला हवा होता. सहा हजार मायजवळ दिले होते. शेळी विकून आलेले तिचे स्वतःचे काही होते, तेही तिनं त्यातच घातले, पण किती ते आम्हाला कळलं नाही. नवी खोली जुन्या घराच्या मागच्या भिंतीला लागून होती. त्या भिंतीत दार पाडायचं म्हणून गवंड्यानं पहार घातली आणि वरून मूठभर भुसा सांडला. धाब्याची मुख्य तुळई आतून वाळवीनं पोखरलेली होती. बाहेरून धड, आत नुसती माती. भिंतीत नुसतं दार पाडायचं होतं, पण आता सगळी भिंत आणि तिच्यावर टेकलेलं निम्मं धाबंही उतरवावं लागणार होतं.

मी फैजपूरला जाऊन नानांना घेऊन आलो. त्यांनी तुळईवर काठी आपटली. ती ढोलासारखी वाजली. "ह्या भितमा काय शे, ते भितलेच माहीत व्हतं," ते म्हणाले. "उघाडानं पहिले कोनीच सांगू शकस नही." नवी भिंत, नवी तुळई, धाब्याची डागडुजी मिळून तीन हजार चारशे. त्यातच सिमेंट चढलं होतं. आमचे अठरा हजार स्लॅबपर्यंतच पुरणार होते.

प्रल्हाद विटांच्या ढिगावर बसला. मग म्हणाला, "न्हाणी राहू द्या सध्या. पुढल्या वर्षी करू. इतकी वर्षं चाललंच ना."

मी वडिलांकडे पाहिलं. ते तुळईकडे बघत होते. मला म्हणायचं होतं की न्हाणी मागे राहणार नाही. पण माझ्या कर्जाचे सगळे हप्ते माझ्याच पगारातून जाणार होते, माझ्याजवळ आणखी काही नव्हतं, आणि मायजवळचे आपण होऊन मागायचे नाहीत असं ठरलेलं होतं. मी गप्प राहिलो. नानांनी मायकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला नंतर लक्षात आलं.

माय उठली, ज्वारीच्या कोठीमागे गेली आणि फडक्यात बांधलेले पैसे घेऊन आली. तीन हजार चारशे. वर नाही, खाली नाही. ते तिनं वडिलांच्या हातात न देता माझ्या हातात दिले आणि गवंड्याला म्हणाली, "भाऊ, उद्या आधी न्हाणीचा पाया खंदा. तुळई मंग."

गवंडी म्हणाला, "अक्का, असं उलटं नसतं. आधी भिंत लागते."

"मले माहीत आहे उलटं नसतं. पाया खंदून ठेवा. खंदलेला पाया कोनी बुजत नाही."

नाना विटांवरून उठले आणि म्हणाले, "खंदा. अक्का म्हनतीस तसं करा."

त्यानंतर दोनदा पैसे कमी पडले. दोन्ही वेळा माय कोठीमागे गेली आणि नेमके तेवढेच घेऊन आली. गवंड्यानं तिसऱ्यांदा खिडकीच्या नक्षीदार गजांची गोष्ट काढली तेव्हा ती म्हणाली, "सरले." सरले होते की नाही ते कोण सांगणार? मृगाचा पाऊस आला तेव्हा स्लॅब टाकून झाला होता, न्हाणीला दार बसलं होतं, आणि गज साधे होते.

काम झाल्यावरच नाना त्यांची मजुरी घेत. ते आले, न्हाणीत तांब्याभर पाणी ओतलं, ते गटारापर्यंत गेल्यावर एक्कावन्न रुपये खिशात टाकले आणि निघाले.

आकड्याआधी चहा का नाही, हे मला पुढं दोन वर्षांनी कळलं, तेही योगायोगानं. शाळेच्या कामासाठी मी धुळ्याला निघालो होतो. जळगावच्या स्टँडवर धुळे गाडीत नाना भेटले. पायाशी डांबराचा डबा होता. कंडक्टर म्हणत होता, "बाबा, हे सांडलं तर गाडी कोण पुसणार?" नाना म्हणत होते, "सांडाव नही. दरसाल धुयाले लई जास."

धुळ्यात मला वेळ होता. मी त्यांच्याबरोबर गेलो. एका जुन्या पेठेत त्यांनी मला एका घरासमोर नेलं. विटांच्या भिंती डोक्याच्या वरपर्यंत पक्क्या, त्यावर स्लॅब नाही. पत्रे टाकलेले, पत्र्यांवर दगड. चारी खांबांतून गंजलेल्या सळया वर आलेल्या आणि त्या सळयांना बांधलेल्या दोरीवर कपडे वाळत होते. आत काशिनाथ टेलर मशीनवर बसले होते. नानांच्याच वयाचे.

नाना शिडीवरून चार पायऱ्या चढले, निकामी गुडघा घेऊन, आणि पत्र्याच्या भोकांना डांबर लावू लागले. टेलरनं मला खुर्ची दिली. चहा आला, एकच कप.

मी म्हणालो, "नानांना?"

टेलर हसले. "त्यांचं तुम्हाला माहीत नाही? आकडा सांगितल्याशिवाय ते चहा घेत नाहीत. आमचा खरा आकडा सांगायचा राहिलाय त्यांचा. चौदा वर्षं झाली."

परतताना गाडीत मी विचारलं, तेव्हा नानांनी चार वाक्यांत सांगितलं. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण होता, त्याच दिवशी टेलरच्या घराचा नारळ फोडायचा होता. "खापरवरनी पुरणपोळी खादी, आमरस खादा. त्यानी मायनी वाढं. मंग तोंडमाईन आकडा निघेना." खरा आकडा एकोणीस हजार होता. सणाच्या दिवशी, भरल्या ताटावर, नारळाशेजारी तो बोलवेना. त्यांनी तेरा सांगितले. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे. सगळं परमिटच्या भावानं मिळेल असं धरलं. निम्म्यानंही मिळालं नाही. भिंती झाल्या आणि पैसा संपला. "खोटं बोलनू नही," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गोड बोलनू."

एवढंच. नंतर ते झोपी गेले.

शेवटचे ते मला भेटले त्याला आणखी सहा-सात वर्षं गेली होती. तोपर्यंत त्यांनी फैजपूर सोडलं होतं, मुलाजवळ नरडाण्याला राहत होते. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी मी गावी ओट्यावर बसलो होतो आणि बोळीच्या तोंडाशी पितळी खिळ्यांची काठी दिसली. ते फार वाकले होते. रावेरला कुणाकडे तरी आले होते, तिथून चालत आले.

वडिलांनी त्यांना खुर्ची दिली. प्रल्हादचा आता एका ट्रकमध्ये स्वतःचा हिस्सा होता. तो म्हणाला, "नाना, बरं झालं आले. माडी काढायची म्हणतो. माह्याकडे सध्या..."

"खिसा झाका," नाना म्हणाले.

सगळे हसले. मग ते उठले आणि कुणाला न विचारता घरातून मागे गेले. न्हाणीचं दार लोटलं. कोपऱ्यातला तांब्या घेतला, भरला आणि जमिनीवर ओतला. पाणी फरशीवर पसरलं, क्षणभर रेंगाळलं आणि गटाराच्या तोंडाशी गोळा होऊन गेलं. ते काठीवर टेकून, मान तिरकी करून, आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिले.

"पानी जाई ऱ्हायनं," ते म्हणाले.

माय मागे उभी होती. त्यांनी तिला विचारलं, "अक्का, त्या चार आनामधला किती उरना व्हता?"

"तुम्हीच सांगतलं होतं, भाऊ," माय म्हणाली, "तुम्हाले बी सांगायचं नाही."

त्यांनी मान हलवली. चहा झाला. आकडा सांगायचा नव्हता, त्यामुळे त्यांनी चहा लगेच घेतला, बशीत ओतून. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला निघालो तर वडिलांनी मला थांबवलं आणि स्वतः चप्पल घातली.

बोळीच्या तोंडाशी नाना वळले. मला काहीतरी सांगायचं राहिल्यासारखा त्यांनी हात वर केला. मी चार पावलं पुढं गेलो.

"टेलरना पोऱ्यानं स्लॅब टाकी दिधा," ते म्हणाले. "मालेच आकडा इचारेल व्हता." मग काठी बगलेत धरून त्यांनी दोन्ही हातांनी टोपी नीट केली.

"धुयाले चहा लिधा, सर."

आणि ते वडिलांच्या खांद्यावर, त्या घट्टा पडलेल्या खांद्यावर हात ठेवून स्टेशनच्या रस्त्याला लागले.